विजेने माती धुता येते; पण कोणती, आणि कोणाच्या खर्चाने?

बंगळुरू : शहराच्या वायव्येला असलेल्या पीन्या औद्योगिक वसाहतीवरून २०१४ पासून मेट्रो धावते. उन्नत मार्गावरून खाली पाहिले की पत्र्याच्या शेडांच्या रांगा दिसतात. यंत्रांचे सुटे भाग घडवणारे, त्यांना क्रोम व निकेलचा मुलामा देणारे, पावडर कोटिंग करणारे हजारो लहान उद्योग येथे १९७०च्या दशकापासून वाढत गेले. आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत पीन्याची गणना होते. मुलाम्याच्या टाक्यांतून निघालेले पाणी वर्षानुवर्षे कोठे मुरले, याचा पुरावा येथील कूपनलिकांनी दिला. त्यांच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे सर्वाधिक विषारी आणि कर्करोगकारक रूप आढळले. पाण्याची चर्चा झाली, न्यायालयीन दखलही घेतली गेली. ज्या मातीतून ते विष पाण्यात उतरते, त्या मातीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियमांमुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. धोकादायक कचरा कसा हाताळावा, याचे नियम देशात पूर्वीपासून होते. जमिनीत आधीच गाडल्या गेलेल्या कचऱ्याची जबाबदारी ठरवणारी स्वतंत्र चौकट प्रथमच आली. देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली असून त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते, ही आकडेवारी नियम जाहीर होताना समोर आली. उरलेल्या स्थळांसाठी कोणते तंत्र वापरायचे, याचा विचार आता टाळता येणार नाही. त्या तंत्रांपैकी एकाची चाचणी बंगळुरूतच, येथील तांबड्या मातीवर झालेली आहे. ते तंत्र म्हणजे मातीत विद्युतप्रवाह सोडून जड धातू एका बाजूला ओढून काढणे.

कल्पना ऐकायला सोपी आहे. दूषित जमिनीत ठरावीक अंतरावर दोन ओळींत विद्युतअग्रे रोवायची. एक ओळ धनाग्रांची, दुसरी ऋणाग्रांची. त्यांमधून कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडायचा. प्रयोगांत साधारणतः दर सेंटिमीटरला एक व्होल्ट इतका दाब ठेवला जातो. ओलसर मातीच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यात शिसे, निकेल, कॅडमियम, जस्त यांचे धनभारित आयन असतात. ते ऋणाग्राकडे सरकू लागतात. त्याच वेळी चिकणमातीच्या कणांवरील ऋणभारामुळे पाणीही ऋणाग्राच्या दिशेने वाहू लागते. या दुसऱ्या परिणामाला विद्युत-परासरण म्हणतात. चिकणमातीतून पाणी दाबाने ढकलू गेल्यास ते जवळजवळ हलत नाही, कारण तिची छिद्रे अतिसूक्ष्म असतात. विजेच्या ओढीला मात्र छिद्रांचा आकार फारसा आडवा येत नाही. नेहमीच्या धुण्याला दाद न देणारी घट्ट, बारीक कणांची मातीच या पद्धतीला अनुकूल ठरते, आणि तिचे खरे आकर्षण येथेच आहे. ऋणाग्राजवळच्या विहिरीत जमा झालेले धातुयुक्त पाणी उपसून त्यावर प्रक्रिया करायची. जमीन खणायची नाही, माती ट्रकमधून गावाबाहेर न्यायची नाही.

या तंत्राचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे आणि त्यातील एक पान भारतीय आहे. विजेच्या प्रभावाने मातीतून पाणी सरकते, हे मॉस्कोत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉयस या शास्त्रज्ञाने दाखवले. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९३६ मध्ये, पुरी आणि आनंद या भारतीय संशोधकांनी क्षारपड जमिनीतील सोडियम विजेच्या साह्याने बाहेर काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मातीतून नको असलेला पदार्थ विजेने काढण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत आजही त्यांचा उल्लेख होतो. जड धातूंसाठी तंत्राचा प्रत्यक्ष जमिनीवर वापर युरोपात १९८०च्या दशकात झाला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे रंगाच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर सुमारे सहा आठवडे प्रवाह सोडल्यानंतर काही भागांत शिसे ७० टक्क्यांपर्यंत आणि तांबे ८० टक्क्यांपर्यंत घटल्याची नोंद आहे. या आकड्यांनी तंत्राला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढील तीन-चार दशकांत शोधनिबंधांचा ढीग वाढला; प्रत्यक्ष जमिनीवरची कामे त्या मानाने थोडीच राहिली.

ती थोडी का राहिली, याचे उत्तर बंगळुरूतील प्रयोगात बरेचसे सापडते. भारतीय विज्ञान संस्थेच्या स्थापत्य अभियांत्रिकी विभागात दीर्घकाळ काम केलेले पी. व्ही. शिवपुल्लैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केओलिनाइट या खनिजाची तांबडी माती घेऊन तिच्यातून लोह, निकेल आणि कॅडमियम किती निघतात, हे तपासले. प्रवाहाचा दाब, कालावधी आणि माती धुण्यासाठी सोडलेला द्राव यांत बदल करून पाहण्यात आले. निकेल आणि कॅडमियम बऱ्यापैकी निघाले. लोह जवळजवळ हललेच नाही. ऋणाग्राकडे जितके अधिक पाणी सरकले, तितके धातू अधिक निघाले, पण निकेलच्या बाबतीत मातीच्या सामूचा प्रभाव ठळक होता. दाब वाढवत नेला म्हणजे सफाई वाढत जाते, असेही आढळले नाही. विशिष्ट दाबालाच सर्वोत्तम परिणाम मिळतो, असा निष्कर्ष निघाला. किती धातू निघेल हे मातीवर अवलंबून आहे आणि धातूवरही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणची परिस्थिती प्रयोगशाळेत आधी तपासावी लागेल, असे संशोधकांनी नमूद केले.

हा निष्कर्ष कंत्राटदारांना आणि प्रशासनाला गैरसोयीचा आहे. एका शहरात यशस्वी झालेले यंत्र दुसऱ्या शहरात आणून बसवले की काम झाले, असे येथे होत नाही. एकाच वसाहतीतील दोन भूखंडांनाही एकच निविदा लागू पडेलच असे नाही.

अडचणीचे मूळ विजेच्याच एका परिणामात आहे. विद्युतअग्रांपाशी पाण्याचे अपघटन होते. धनाग्राजवळ आम्ल तयार होऊन सामू २ पर्यंत खाली येतो, तर ऋणाग्राजवळ अल्कली तयार होऊन तो १२ पर्यंत चढू शकतो. आम्लाची लाट मातीतून पुढे सरकताना कणांना चिकटलेले धातू सुटे करते. इथपर्यंत सारे हिताचे. समोरून येणाऱ्या अल्कलीशी गाठ पडली की तेच धातू हायड्रॉक्साइडच्या रूपाने घट्ट होऊन मातीतच बसतात. धातू जमिनीबाहेर निघण्याऐवजी ऋणाग्राच्या अलीकडे एका अरुंद पट्ट्यात साचतात, तेथील छिद्रे बुजतात आणि प्रवाह मंदावतो. यावर उपाय म्हणून बंगळुरूच्या प्रयोगात ऋणाग्रापाशी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सोडून अल्कली मारण्यात आली, तर कणांना चिकटलेले धातू सोडवण्यासाठी ईडीटीए हे रसायन वापरण्यात आले. प्रयोगशाळेच्या पेटीत हे सुरक्षित आहे. उघड्या जमिनीत ईडीटीए सोडायचे झाल्यास अधिक सावध राहावे लागते, कारण ते सहज विघटित होत नाही आणि त्याने सोडवलेला धातू ऋणाग्राच्या विहिरीऐवजी पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरण्याचा धोका असतो. सफाईच्या नावाखाली मातीतले विष पाण्यात पोहोचवण्याचा हा प्रकार ठरेल.

दुसऱ्या टोकाला आम्लही फार वाढून चालत नाही. मातीच्या कणांवरचा ऋणभार आम्लात कमी होतो आणि मग पाण्याचा ऋणाग्राकडचा ओघच आटतो. तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात. ती काही धातूंना घट्ट धरून ठेवतात. बंगळुरूच्या प्रयोगात लोह हलले नाही हे एका अर्थी बरेच झाले, कारण मातीतील नैसर्गिक लोह काढण्याची कोणालाच गरज नाही. पण त्या लोहाच्या आश्रयाला गेलेला विषारी धातूही सहजी बाहेर येणार नाही, हे त्यातून सूचित होते.

पीन्यातील प्रमुख दोषी क्रोमियम असल्याने गुंतागुंत आणखी वाढते. निकेल, कॅडमियम व शिसे धनभारित आयन म्हणून ऋणाग्राकडे जातात. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात क्रोमेटच्या, म्हणजे ऋणभारित आयनाच्या रूपात वावरते आणि धनाग्राकडे निघते. पाणी मात्र उलट दिशेने, ऋणाग्राकडे वाहत असते. प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यासारखी क्रोमेटची अवस्था होते. त्यातच धनाग्राजवळच्या आम्लात क्रोमेट मातीला अधिक घट्ट चिकटते. क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप असेल तर ते धनभारित असते, पण आम्ल कमी पडताच जागीच बसते. मुलाम्याच्या कारखान्यामागील जमिनीत क्रोमियमची दोन्ही रूपे आणि निकेल एकत्र सापडले, तर एकाच वेळी तीन वेगवेगळी वर्तने सांभाळावी लागतात. लोखंडी विद्युतअग्रे वापरून त्यांतून सुटणाऱ्या लोहाने हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे त्रिसंयुजीत रूपांतर करणे, हा एक मार्ग संशोधकांनी सुचवला आहे. त्यात धातू मातीतच राहतो, मात्र त्याची पाण्याबरोबर फिरण्याची शक्ती आणि विषारीपणा कमी होतो. याला सफाई म्हणायचे की बंदोबस्त, हे नियामकाने आधी ठरवावे लागेल.

पीन्याशी ताडून पाहता येईल असे एक परदेशी उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकी लष्कराने १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील पॉइंट मुगू या नौदल तळावर, मुलाम्याच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या जुन्या तलावांच्या जागी, क्रोमियम व कॅडमियम काढण्यासाठी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिले. समुद्रालगतच्या त्या जमिनीत क्लोराइडचे प्रमाण फार होते. धनाग्रापाशी आम्लाबरोबर क्लोरीन तयार होऊ लागला, सेंद्रिय पदार्थांशी संयोग होऊन नवी घातक संयुगे निर्माण झाली आणि आम्लाची लाट अपेक्षेपेक्षा फार हळू सरकली. कित्येक आठवड्यांनंतर मूळ आराखड्याप्रमाणे काम पुढे नेणे शक्य झाले नाही. प्रयोगशाळेत त्याच मातीवर मिळालेले आश्वासक निकाल मैदानात टिकले नाहीत. बंगळुरू समुद्रापासून दूर आहे. मुलाम्याच्या व धातू स्वच्छ करण्याच्या प्रक्रियांत हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र सर्रास वापरले जाते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. बंगळुरूची तांबडी माती केओलिनाइटची, धातूंना तुलनेने सैल धरणारी आणि आम्लाला फार विरोध न करणारी आहे. दख्खनच्या पठारावरील काळी रेगूर माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजांची बनलेली आहे. तिच्या कणांवर धातू धरून ठेवण्याची क्षमता कित्येक पट अधिक असते, आणि तिच्यातील चुनखडी आम्लाची लाट पुढे सरकण्यापूर्वीच तिला निष्प्रभ करते. शिवाय वाळली की ही माती भेगाळते, आणि भेग पडली की विद्युतअग्राचा मातीशी संपर्क तुटतो. बंगळुरूत मिळालेला निकाल मराठवाड्यातील किंवा विदर्भातील औद्योगिक क्षेत्रांच्या काळ्या जमिनीवर जसाच्या तसा अपेक्षित धरणे धाडसाचे होईल.

बंगळुरूच्या सर्व दूषित जमिनी पीन्यासारख्या आखीव भूखंडांतही नाहीत. शहराचे सांडपाणी आग्नेयेकडे बेळंदूर आणि वर्तूर तलावांत उतरते. सुमारे नऊशे एकरांचा बेळंदूर तलाव फेसामुळे आणि फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मधील आगींमुळे देशभर गाजला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दखल घेतल्यानंतर दोन्ही तलावांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने या तलावांच्या पाण्यावर आणि गाळावर प्रदीर्घ काम केले असून, सांडपाण्याबरोबर येणारे जड धातू गाळात साचत असल्याकडे लक्ष वेधले आहे. पश्चिमेकडे वृषभावती नदी पीन्यासह अनेक वसाहतींचे पाणी घेऊन बिडदीजवळच्या बैरमंगला जलाशयात जाते. त्या पाण्यातील जड धातूंचा मागोवा बंगळुरूतीलच ‘एट्री’ या संशोधन संस्थेने घेतला आहे. जलाशयाखालच्या लाभक्षेत्रात त्याच पाण्यावर दशकानुदशके शेती होत आली. भाताच्या जागी चारा, बेबी कॉर्न आणि तुती आली, ती बाजाराच्या ओढीने जितकी, तितकीच पाण्याच्या गुणवत्तेमुळे.

अशा शेतजमिनीला वीज लावता येईल का, याचे उत्तर साध्या गुणाकारातून मिळू शकते. या पद्धतीत एक घनमीटर मातीमागे लागणारी वीज माती व धातूंप्रमाणे बदलते; उदाहरणापुरती ती २०० युनिट आणि युनिटचा दर ८ रुपये धरला, तर एक हेक्टर शेताच्या वरच्या ३० सेंटिमीटर थरात ३,००० घनमीटर माती भरते. तिच्यासाठी ६ लाख युनिट, म्हणजे ४८ लाख रुपयांची वीज लागेल. विद्युतअग्रे, रसायने, उपसलेल्या पाण्यावरील प्रक्रिया आणि मजुरी यांचा खर्च वेगळा. बैरमंगलाच्या परिसरात शेकडो हेक्टरांसाठी हा खर्च कोणतेही सरकार करणार नाही. शिवाय वरून तेच पाणी येत राहिले तर काही हंगामांत माती पूर्वपदावर जाईल. आम्लाने होरपळलेल्या मातीत पुन्हा पीक घेण्यासाठी तिचा सामू आणि तिच्यातील जिवाणूसृष्टी सावरावी लागेल, ते निराळेच. शेतीसाठी येथे उपाय वरच्या बाजूला, कारखान्यांच्या नाल्यांवर आहे.

पीन्यातील एखाद्या बंद शेडचे गणित वेगळे पडते. ४० मीटर लांब, २० मीटर रुंद भूखंडात दोन मीटर खोलीपर्यंत दूषण आहे असे धरल्यास माती १,६०० घनमीटर होते. त्याच हिशेबाने विजेचा खर्च सुमारे साडेपंचवीस लाख रुपये येतो. मेट्रोलगतच्या भूखंडाच्या किमतीपुढे ही रक्कम डोळे फिरवणारी नाही. तंत्राचा उपयोग जेथे खरोखर होऊ शकतो, ती जागा हीच : लहान, सीमा निश्चित असलेली, घट्ट मातीची आणि धातूंनी भरलेली. तेथेही खबरदारी लागते. जमिनीत लोखंडी नळ, केबल आणि पायाच्या सळया असतील तर प्रवाह मातीऐवजी त्यांच्यातून वाट काढतो आणि त्यांना गंजवतो. नम्म मेट्रो स्वतः ७५० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. तिच्या यंत्रणेला भरकटलेल्या प्रवाहापासून होणाऱ्या गंजाची चिंता नव्याने सांगावी लागणार नाही. त्याहून मोठी मर्यादा भूगर्भाची आहे. बंगळुरूखाली मातीचा आणि मुरमाचा थर संपला की भेगाळलेला कठीण खडक लागतो. विष एकदा त्या भेगांत उतरले की वर रोवलेली विद्युतअग्रे तेथपर्यंत पोहोचू शकत नाहीत. पीन्यातील कूपनलिका त्याच खडकातून पाणी ओढतात.

पीन्याइतकीच, किंबहुना आरोग्याच्या दृष्टीने अधिक निकडीची, जमीन जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या ठिकाणांची आहे. शिशाच्या विषबाधेवरील देशातील लक्षणीय काम बंगळुरूत झाले. जॉर्ज फाउंडेशनने १९९०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या तपासणीत, सात शहरांतील बारा वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण त्या वेळच्या धोक्याच्या पातळीइतके किंवा तिच्याहून अधिक आढळले होते. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात थुप्पिल वेंकटेश यांच्या पुढाकाराने शिशासाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. पेट्रोलमधील शिसे २००० मध्ये हद्दपार झाल्याने हवेतला मोठा स्रोत बंद झाला. मातीत पडलेले शिसे मात्र स्वतःहून कोठेही जात नाही; अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हातांवाटे ते पोटात जात राहते. विद्युतप्रवाहाने शिसे हलते, हे ग्रोनिंगेनपासून माहीत आहे. बॅटरीच्या आम्लामुळे ते लेड सल्फेटच्या रूपात असेल तर ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि काम लांबते. अशा अंगणात वरची अर्धा फूट माती काढून नवी टाकणे कदाचित स्वस्त आणि जलद ठरेल. मुलांचे रक्त विजेच्या प्रयोगांसाठी थांबू शकत नाही.

तंत्राच्या या मर्यादांपलीकडे, नव्या नियमांची रचना स्वतःच काही प्रश्न उभे करते. जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या संदर्भ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून स्थळ दूषित आहे की नाही, हे ठरवायचे आहे. १८९ धोकादायक रसायनांचा विचार त्यात होतो. स्थळ निश्चित झाल्यावर तेथील वावरावर निर्बंध आणि सफाईचा आराखडा येतो. दूषण कोणी केले हे मंडळाने ९० दिवसांत शोधायचे असते. खर्च दोषीने करायचा. दोषी सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र व राज्याने सोय करायची. एवढ्या तारखा घालून दिल्यानंतर प्रत्यक्ष सफाई किती दिवसांत पूर्ण व्हावी, याची कालमर्यादा मात्र नियमांत नाही. किरणोत्सारी कचरा, खाणकामाचे दूषण, समुद्रातील तेलगळती आणि घनकचरा क्षेपणभूमी या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या आहेत.

सफाईला मुदत नसली की काय होते, याचे उदाहरण शेजारच्या तमिळनाडूत आहे. कोडाईकनाल येथील पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. त्यानंतर जमिनीतील पारा कोणत्या पातळीपर्यंत खाली आणायचा, यावरच वर्षानुवर्षे वाद चालला. किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा पुरेशी नाही, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे होते. तेथे कंपनी मोठी होती, ओळखीची होती आणि पैसे देण्यास समर्थ होती. पीन्यातील भाड्याच्या शेडमध्ये वीस वर्षांत तीन भाडेकरू बदलले असतील, पहिल्याने मुलामा केला असेल, दुसऱ्याने रंगकाम आणि तिसऱ्याने नुसती गोदामाची जागा वापरली असेल, तर ९० दिवसांत दोषी कसा शोधणार? वसाहतीत अशा लहान उद्योगांचीच संख्या मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या निकालात प्रदूषण नियंत्रण मंडळांना नुकसानभरपाई आकारण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे मंडळांचे हात बळकट झाले, हे खरे. बंद पडलेल्या आणि नोंदवहीतून नाहीशा झालेल्या उद्योगाकडून वसुली करण्याचा मार्ग त्यातूनही निघत नाही.

यातून एक पर्याय सुचतो. बंगळुरूत औद्योगिक भूखंडांचे निवासी व व्यापारी वापरात रूपांतर होत आहे आणि त्या रूपांतरातून मालकाला मोठा लाभ होतो. वापरबदलाची परवानगी देताना मातीच्या तपासणीचा अहवाल बंधनकारक केला आणि सफाईचा खर्च त्या लाभातून घेतला, तर दोषी हुडकत बसण्याची गरज उरत नाही. तपासणीत केवळ एकूण क्रोमियम किंवा एकूण निकेल मोजून भागणार नाही. त्यांपैकी किती भाग पाण्यात सुटण्याजोगा आहे, किती लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेला आहे, क्रोमियम कोणत्या रूपात आहे, हे कळले तरच वीज लावायची, माती धुवायची, रसायनाने धातू जागीच बांधायचा की वर अभेद्य थर टाकून मोकळे व्हायचे, याचा निर्णय करता येईल. या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा शहरात आहेत, तांबड्या मातीवरचे मूळ काम येथेच झालेले आहे, आणि एका बंद भूखंडावर खुलेपणाने, निकाल जाहीर करून, मैदानी चाचणी घेण्यास याहून सोयीचे शहर देशात क्वचितच सापडेल.

प्रश्नाची व्याप्ती बंगळुरूपुरती नाही, हे एप्रिल २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने दाखवले. जगातील १४ ते १७ टक्के शेतजमीन किमान एका विषारी धातूने मर्यादेपलीकडे दूषित असल्याचा त्यातील अंदाज आहे आणि दक्षिण आशियाचा भाग जोखमीच्या पट्ट्यात येतो. दरम्यान विजेचा वेगळा वापरही पुढे येत आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मातीला काही सेकंदांचे तीव्र विद्युतझटके देऊन, हजार अंशांहून अधिक तापवून, धातू वाफेच्या रूपाने काढण्याची पद्धत मांडली. ती आकर्षक आहे, पण अद्याप बाल्यावस्थेत आहे.

कोणतीही पद्धत वापरली तरी धातू नष्ट होत नाही. तो केवळ जागा बदलतो. बंगळुरूच्या धोकादायक कचऱ्यासाठी शहराच्या वायव्येला डाबसपेट येथे सुरक्षित क्षेपणभूमी आहे. वरच्या उदाहरणातील १,६०० घनमीटर माती खणून तेथे न्यायची झाल्यास दहा टनी ट्रकच्या २५० ते ३०० फेऱ्या लागतील, आणि प्रत्येक फेरीत मातीबरोबर विषारी धूळही रस्त्याने जाईल. विजेने धातू ऋणाग्राच्या विहिरीत आणून त्याचा गाळ वेगळा करता आला, तर तेच विष काही मोजक्या पिंपांत मावेल.